ह्यांनी बघितलेल्या गाड्या

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात, पर आज घेते. कैलास. आमच्या नेरे गावात कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली का लोक देवाच्या आदी ह्या माणसाला इचारत्यात. आन मी शारदा, ह्याच माणसाची बायको, आजून स्कूटीवर फिरतीया. आता सांगा, डोकं फिरंल का न्हाई?

तुमाला वाटंल पैशाचं आडलंय. तसं काय न्हाई. आयटीतल्या पोरांना खोल्या दिल्यात, भाडं येळेवर येतंय. आडलंय ते ह्यांच्या अकलेपाशी. गाडी बघाय गेले का पयलं डिक्कीतलं कार्पेट उचलायचं आन खाली नाक लावायचं. चिखलाचा वास आला का, "पुरात बुडालेली हाय, चला." मग दाराच्या पत्र्यावर बोटानं टकटक. "हितं पुट्टी भरलीया, ठोकलेली हाय." मग ब्रेकच्या पॅडलचं रबर. ते झिजलेलं दिसलं आन मीटरवर आकडा कमी आसला का इकणाऱ्याच्या तोंडावर म्हणणार, "मीटर मागं फिरवता येतो बाबा, रबर न्हाई." इकणारा सांगतोय, डाक्तरची गाडी हाय, एकहाती. त्यावर हे, "दर गाडी डाक्तरचीच कशी रं? बाकीची दुनिया काय बैलगाडीनं फिरती?" लोक हसत्यात. मी बी पयली पयली हसायचे.

मला गाडी मिरवाय नको व्हती. माझी आई, गंगूबाई, तिकडं माले गावात एकलीच ऱ्हाती. गुडघे गेल्यात तिचे. येष्टीची पायरी चढवत न्हाई, स्कूटीवर बसवत न्हाई. आमी नवं घर बांधलं, वास्तुशांत झाली, भाडेकरूसुदिक पोटभर जेवले, पर माझ्या आईनं ते घर बघितलेलं न्हाई. रिक्षा करून नेते म्हणलं का तिचं एकच, "माझ्या जावायाला गाड्यातलं सगळं कळतं. त्यो सोताची गाडी घिऊन न्यायला यिल, तवाच मी यीन." आख्ख्या आळीला तसं सांगून बसलीया. आता त्या माउलीला कसं सांगू, का जावायाला कळतंय म्हणूनच गाडी येत न्हाई? मी गपचूप ड्रायव्हिंग शिकले, लायसन काढलं. ते कपाटात साड्यांच्या खाली पडून हाय.

मधी ह्यांच्या डोक्यात इलेक्ट्रिक गाडी शिरली. झालं! दिवसरात मोबाइलवर तेच. जेवताना सुदिक घास हातात आन तोंडात बॅटरी. "नवी इलेक्ट्रिक घेऊ नये. नवी शोरूमच्या भायेर आली का किंमत पडली. ती पडझड पयल्या मालकाला सोसू द्यायची, आपण दुसऱ्या हातानं घ्यायची." म्हणलं, मग घ्या की दुसऱ्या हातानं. तर म्हणले, "तसं न्हाई गं. पेट्रोलची गाडी खोकती, धूर टाकती, दुखणं सांगती. ही मुकी. बॅटरीत किती जीव उरलाय ते कसं वळखायचं? रोज फास्ट चार्जरवर भरलेली आसली तर लवकर थकती. घरच्या प्लगवर सावकाश भरलेली पायजे." मी म्हणलं, तुमी गाडी बघताय का सोयरीक?

आन तशीच गाडी आमच्या दारात निघाली. आमचा भाडेकरू दिग्विजय, लातूरकडचा, त्याची बदली झाली बेंगळुरूला. त्याची इलेक्ट्रिक गाडी आमच्याच पार्किंगमधी, आमच्याच प्लगवर, सावकाश भरलेली. ह्यांनी आठवडाभर तिच्याखाली लोळून काढला. दोष घावंना. चेहरा आसा पडला का जणू घरात कोण आजारी हाय. मी इचारलं, मग घ्यायची ना? म्हणले, "दोष न्हाई, हेच मला पटंना झालंय."

दिग्विजयच म्हणला, "काका, रविवारी दिवसभर घेऊन फिरा. मग ठरवा." मी लगेच म्हणलं, माल्याला जाऊ. ह्यांना बी पटलं, चढउतार हाय, बॅटरी कळंल. निघालो. माण, घोटावडे, पौड. सारा रस्ता हे टक्के मोजत्यात. किती गेले, किती उरले. मी खिडकीतनं भातखाचरं बघत बसलेले. मनात म्हणलं, आज न्हाई तर कधीच न्हाई.

दारात गाडी थांबली आन आई भायेर आली. आदल्या दिशी मी फोनवर म्हणले व्हते, गाडी घिऊन येतोय. एवढंच. तिनं त्यातनं घ्यायचा तो अर्थ घेतला. नवं लुगडं नेसलेली, हातात पितळंचं ताट. आमी उतरायच्या आदी चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदकुकवाची पाच बोटं, आन नारळ फोडून मोकळी. शेजारच्या बाया कडंला हुभ्या. हे धावले, "मामी, थांबा! लोकाची गाडी हाय, ट्रायलला आणलीया!" आन खिशातनं रुमाल काढून कुकू पुसाय लागले.

मी हात धरला ह्यांचा. शेजारणींच्या म्होरं धरला. "पुसलं तर बघा." आईचं तोंड एवढंसं झालं. पर लई मानी बाई. ताट आत ठिवलं, गाठोडं घिऊन आली आन म्हणली, "कुणाची का आसंना, चला. लेकीचं घर बघू द्या." तर ह्या माणसानं काय म्हणावं? डोकं खाजवत म्हणले, "मामी, पुढच्या खेपंला न्यू का? येताना दोघं व्हतो, जाताना तीन झालो तर रीडिंग चुकंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! चावी ह्यांच्या हातातनं वडून घेतली, आईला म्होरच्या सीटवर बसवलं, गाठोडं मागं टाकलं. म्हणलं, "व्हय, दोघंच बसायची ना? आमी दोघी बसतो. तुमी या मागनं." आन निघाले. आरशात हे लिंबाच्या सालीपाशी हुबे. गाडी नीट चालली माझ्या हातानं. आई सगळ्या वाटंत एकदाच बोलली, "गाडी चालवाय कधी शिकलीस गं तू?"

आईनं घर बघितलं. दर खोलीत गेली, भितीवर हात फिरवला. माझ्या डोळ्याला पाणी आलं. उन्हं कलल्यावर हे कुणाच्या तरी टेम्पोतनं आले. पाणी नको, चहा नको. पयलं वाक्य, "किती टक्के खाल्ली?"

"बघितलं न्हाई."

"आरं देवा! म्हंजी सगळी ट्रायल वाया. परत एकदा जावं लागंल."

ते परत एकदा ह्यांच्या सवडीवर ऱ्हायलं. दिग्विजयला बेंगळुरूला निघायचं व्हतं, त्यो किती थांबणार? एका सकाळी ह्यांचा चुलतभाऊ दयानंद कासारसाईवरनं पेढे घिऊन आला आन गाडी घिऊन गेला. ना कार्पेट उचललं, ना पत्रा ठोकला. हे तोंड वासून बघत ऱ्हायले. म्हणले, "दयानंदा, न बघताच घेतलीस?"

"न बघता कशी, कैलासदादा? तूच परवा भावकीतल्या लग्नात म्हणला व्हतास, अशी बिनदोष गाडी उभ्या तालुक्यात न्हाई. तुझ्या शब्दाच्या म्होरं मी काय बघायचं?"

मी सैपाकघरात जाऊन भांडी आपटली. दुसरं काय करणार?

आई वसरीत बसली व्हती. तिनं सगळं ऐकलं. तिला माघारी जायचं व्हतं, कोंबड्या शेजारणीवर टाकून आलेली. ती सावकाश म्हणली, "जावायबापू, लई बघितल्या. आता एखादी घ्या."

हे तिच्याजवळ बसले, आन खरंच मनापासून सांगाय लागले, "घेतो मामी. पर दिवाळी जाऊ द्या. दिवाळीला लोक नव्या घेत्यात, मग चांगल्या जुन्या भायेर पडत्यात."

आईनं ऐकून घेतलं. मग भितीला धरून उठली, गाठोडं काखंत मारलं आन मला म्हणली, "शारदे, हितं येष्टी कुटं थांबती गं?"