सहा खोल्या, चार चुली

बेलापूरच्या बँकेत मी नवी होते, तेव्हा करावे गावची एक मासेविक्रेती चाळ विकत घेण्यासाठी कर्ज मागायला आली. चाळीत सहा खोल्या, म्हणून मी अर्जात सहा भाडेकरू लिहिले. तिने माझा हात धरला.

“चार लिव, पोरी. तीन सांजा जाऊन धूर बघितलाय. चारच चुली पेटतान.”

“सहा लिहिले तर कर्ज जास्त मिळेल,” मी हळूच म्हटलं.

“आनि हप्ता काय रिकाम्या खोल्या भरतीन?”

चार भाडेकरूंवर बेतलेलं कर्ज मंजूर झालं.

वर्षभराने ती बँकेच्या दारात थांबली. डोक्यावर पाटी तशीच, दोन्ही हात वर, सहा बोटं उघडी. एरवी मान खाली घालून बसणारी मी उठले आणि सगळ्यांदेखत तिला सहा बोटं दाखवली.