अक्कासाठी आईचा आवाज

डोंगरातली लांबची सायकल सफर म्हटल्यावर तुम्ही वाघाची वाट बघत असाल. वाघ काय आला न्हाय. चढावर चेन तेवढी सारखी निघत व्हती.

निजामाच्या अमदानीत तुळजापूरहून अणदूरला म्या सायकल दामटली ती माझ्या अक्कासाठी. सासरच्यांनी तिला पंचमीलासुद्धा माहेरी धाडलं नव्हतं. मला बघितल्या बघितल्या ती म्हणाली, "आईचा आवाज काढ की रं!"

नकला करण्यात आपण पटाईत. कमरेवर हात ठेवून म्या सुरू केलं, "आगं भवाने, दूध उतू गेलं की! ध्यान कुठं हाय तुझं?"

अक्का खळखळून हसली. मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "अजून एकदा." असं करता करता ऊन कललं.

डोंगर चढून घरी आलो तर आई दारातच, हात कमरेवर. "आरं मुडद्या, दिवसभर कुठं उलथला व्हतास? ध्यान कुठं हाय तुझं?"

वाटलं, आत्ता अक्का हितं पायजे व्हती.

"अक्काकडं गेलतो," मी म्हणालो.

आईचे कमरेवरचे हात खाली आले. मग पुन्हा कडाडली, "आन मला सांगितलं न्हाईस? दोन शेंगाच्या पोळ्या बांधून दिल्या असत्या की! लेकीच्या दारात रिकाम्या हातानं गेलास व्हय रं?"