काठोकाठ भरलेली गाडी

आमचे हे अठ्ठावीस वर्षं एकाच कंपनीत ड्रायव्हर. तीन वर्षांपासून उजवा गुडघा कामातून गेलाय, पण ते फक्त देवाला आणि मला ठाऊक. ऑफिसात कळलं तर घरी बसवतील.

कंपनीत विजेची गाडी आली तेव्हा वाटलं, देवच पावला. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटर स्वतःच चाकांना आवरते, त्यातून निघालेली वीज बॅटरीत भरते आणि गाडी हळू होत होत पार उभी राहते. ब्रेक क्वचितच लागतो.

"नुसता पाय उचलायचा गं! म्हातारपणी ऐकणारी मिळाली," हे खुशीत म्हणाले.

"मग गुडघ्याला तेलही तिच्याकडूनच चोळून घ्या."

पुढे त्या गाडीवर ड्रायव्हरांची चाचणी ठरली. डिझेलची टाकी भरावी तशी ह्यांनी आदल्या दिवशी बॅटरी काठोकाठ भरली. तिथेच चुकलं. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावत नाही, म्हणून मोटर चाकांना आवरत नाही. शिकवणाऱ्याने हे सांगितलं होतं म्हणे. पण जुनी सवय जाते कुठे?

चाचणीला शेजारी कंपनीच्या गाड्यांचं बघणारे साहेब बसलेले. उतारावर ह्यांनी पाय उचलला, तर गाडी आपली चाललीच. समोर बंद फाटक. ह्यांनी सगळा जीव गुडघ्यात आणून ब्रेक दाबला. फाटक हातभर राहिलं. कळ मस्तकात गेली, पण तोंडातून हूं की चूं नाही.

साहेबांनी पाठ थोपटली. "पाय अजून शाबूत आहे हो तुमचा! टेकडीवरच्या मोठ्या साहेबांची गाडी उद्यापासून तुम्हीच चालवा."

ती गाडी बंगल्यावरच चार्जिंगला असते. सकाळी शंभर टक्के भरलेली, आणि निघाल्या निघाल्या सहा वळणांचा उतार. म्हणजे वळणावळणाला ब्रेक.

"ऐंशीवरच थांबवा म्हणावं," मी म्हटलं.

"म्हणालो. मोठे साहेब म्हणतात, अर्धवट कशाला? पूर्णच भरा."

"मग गुडघ्याचं सांगून टाका."

"आणि? खिडकीत बसून तुझ्याबरोबर भाजी निवडू?"

सांगितलं तर नोकरी जाते, नाही सांगितलं तर गुडघा.

रोज साडेआठला बंगल्यातून गाडी निघते. त्या वेळी मी देवापुढे हात जोडून बसते. आयुष्यभर घर भरलेलं असू दे म्हणून मागितलं. आता मागते, देवा, ती बॅटरी आज थोडी रिकामी राहू दे. उतार संपला की हे मिस कॉल देतात. अकरा मिनिटं लागतात.

तोवर माझाही उजवा पाय फरशीवर गच्च दाबलेला असतो.