नीना आजींची अल ऐनमधली दाचा

१८ जानेवारी, खलिफा सिटी, अबुधाबी. चार महिने इथं ब्लॉगवर काही लिहिलं नाही, माफ करा. कारणं द्यायला लागले तर माझीच मला पटणार नाहीत, म्हणून सरळ प्रवासच सांगते.

वरच्या मजल्यावरची ओल्गा म्हणाली, "शनिवारी आमच्या दाचाला चल. आई गुरुवारी रशियाला परत जाते म्हणतेय. तिथं ती एकटी असते. काहीही करून तिला ठेवून घ्यायचंय."

अल ऐन दीड तास. रस्ता सरळसोट, पण कॅमेरे फार, वेग सांभाळा. पेट्रोल जाऊन-येऊन सत्तर दिरहम, म्हणजे सोळा-सतराशे रुपये. वाटेत मी दाचा म्हणजे काय ते विचारलं. मुळात 'देणं', ओल्गा म्हणाली. आधी राजानं दिलेली जमीन, मग उन्हाळ्यात राहायचं घर, मग भाजीपाल्याचा तुकडा. कोर्टात साक्ष देतात, तिथंही हाच शब्द. (घरी येऊन पाहिलं, तर आपल्या 'देणे'शी त्याचं जुनं नातं निघालं. मी भाषातज्ज्ञ नाही, चुकलं असेल तर कळवा.)

"सो, इट्स अ फार्महाऊस," मागून माझी लेक सना.

"नो, हबीबी," ओल्गा म्हणाली. "फार्महाऊसवर लोक बसतात."

हे मी नीट ऐकायला हवं होतं. भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्या, खजुराची चार झाडं, टोमॅटो-शेपूचे वाफे आणि दारात ओल्गाची आई, नीना आजी. आम्हा रत्नागिरीकरांत वयस्कर माणसाला चुलीपाशी उभं करत नाहीत. मी पातेलंभर बिर्याणी नेलेली. खुर्ची सावलीत ओढली. "आजी, तुम्ही बसा. कशालाही हात लावू नका."

त्या बसल्या. रशियनमध्ये काहीतरी पुटपुटल्या. ओल्गाचा चेहरा उतरला.

"काय म्हणाल्या?"

"इथंही मी पाहुणीच, म्हणते. मग आपल्या घरी जाऊन बसलेलं काय वाईट?"

थांबवायला आलेली मी, त्यांना विमानात बसवायला निघाले होते! चपला काढल्या, खुरपं उचललं. "आजी, मला काम सांगा."

माझ्या नखांकडे बघून त्या हसल्या. उठल्या. तण म्हणून मी गाजराची रोपं उपटली, तेव्हा केवढ्या ओरडल्या! मग "यल्ला, यल्ला!" करत तिघींना राबवलं. जेवायला तीन वाजले. माझ्या बिर्याणीवर त्यांनी मूठभर शेपू भुरभुरला.

"अम्मी, डीप ब्रेथ," सना कुजबुजली. मी खाल्ली. बरी लागली, हे लिहिताना जिवावर येतंय.

निघताना आजींनी एक रिकामा वाफा दाखवला. इथं लवकर काय येतं, त्यांनी ओल्गाकरवी मला विचारलं.

"मेथी. महिनाभरात."

ओल्गानं ते त्यांना रशियनमध्ये सांगितलं. आजींनी बोटांवर काहीतरी मोजलं, दोन शब्द बोलल्या. ओल्गानं माझा हात घट्ट धरला.

"गुरुवारचं खलास, म्हणते."

घरी आल्यापासून विचार करतेय, मी मदतीला गेले होते की बिर्याणी मिरवायला? दोन्ही असेल. नखांतली माती अजून पुरती निघालेली नाही.

उद्या: मेथीचं बी आणणे.