दोनाला पाय ओढायचा

बेंगळूरच्या शिवाजीनगरात मराठी मंडळींनी एक शिशुवर्ग चालवला होता. तिथे अठ्ठावन्न साली वसुमतीअक्का आम्हाला अंक शिकवायच्या. पाटी नाही, पेन्सिल नाही. अंगणात चुन्याचे दहा चौकोन, पुढे अक्का, मागे आम्ही पंधरा पोरं, आणि पावलागणिक एक आकडा. "सरी, आता स्वल्प सावकाश," असं त्यांचं कानडी मिसळलेलं मराठी. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच.

लहानपणच्या तापात त्यांचा डावा पाय अधू झाला होता. त्या राहायच्या भावाकडे, झोपायच्या स्वयंपाकघरात, आणि दिवस उजाडायचा तो भावजयीच्या टोमण्यांनी. नोकरी कायम झाली की त्यांना शाळेमागची खोली मिळणार होती. त्या रिकाम्या खोलीची खिडकी पुसताना मी त्यांना दोनदा पाहिलं आहे.

पण कायम व्हायचं तर सरकारी तपासनीस येऊन वर्ग बघणार, आणि नियम असा, की बाई धडधाकट हवी. चिटणीस विश्वासराव भला माणूस. ते म्हणाले, "अक्का, साहेब असेपर्यंत खुर्चीतून उठू नका. पोरं खेळून दाखवतील."

साहेब आले. धारवाडकडचे, मराठी बोलणारे. अक्का बसून राहिल्या आणि आम्ही चौकोनांवर निघालो. एकला उजवं पाऊल टाकलं. दोनला डावा पाय जमिनीवरून फरफटत आणला. तीनला पाऊल, चारला फरफट. पंधराही जण, एका तालात. दहापर्यंत एक चूक नाही.

"पाय का ओढता रे?" साहेबांनी विचारलं.

विश्वासरावांनी डोळे मिटले. मी पहिल्यापासून आगाऊ. उचलली जीभ लावली टाळ्याला. "दोनाला ओढायचाच असतो! अक्का तश्शाच मोजतात."

साहेब हसले नाहीत. "बाई, जरा चालून दाखवता?"

अक्का माझ्याकडे बघत उठल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पहिल्या चौकोनात उभ्या राहिल्या, आणि आम्ही सवयीने मोठ्याने मोजायला लागलो.

शाळेमागच्या खोलीत पुढे मोडकी बाकं ठेवली. अक्का आणखी नऊ वर्षं हंगामीच राहिल्या. रोज भावाच्या स्वयंपाकघरातून यायच्या, तिथेच परत जायच्या. अंक आता खुर्चीत बसून, टाळ्यांवर. मला आजही लाज वाटते, की मी त्यांची माफी मागितली नाही. उलट एकदा चुन्याचा डबा घेऊन विचारलं, "अक्का, चौकोन आखू?"

"नको गं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पोरं फार नीट शिकता."