खडूची खूण

सुकुमार गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच शेडमध्ये, त्याच्याच बग्गीखाली आडवा होतो. पुण्याहून आलेली क्लच प्लेट नुकतीच शाफ्टवर अलगद बसली होती. त्या आनंदात मी फोन उचलला आणि समोरचं ऐकायच्या आधीच म्हणालो, "बसली, त्याला सांगा!" पलीकडे सुनंदावहिनी होत्या, सुकुमारची बायको. "भाऊजी, हे गेले..." एवढंच बोलल्या. महिना झाला, पण माझं ते ओरडणं अजून माझ्या कानातून जात नाही.

आमची दोस्ती आयटीआयपासूनची. मी पुढे तिथंच शिकवायला लागलो, तीस वर्षं पोरांना मोजमाप शिकवलं. सुकुमारनं उद्यमनगरात वर्कशॉपची शेड टाकली आणि मला जन्मभर 'मास्तर' म्हणून चिडवलं. चार वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात बग्गी शिरली. नुसता पाइपांचा सांगाडा, जाड चाकं, ना दार ना छप्पर, वाळवंटात पळवतात तसली. कोल्हापुरात वाळवंट कुठलं, असं विचारल्यावर म्हणाला, "मुरगूडला माझा माळ हाय की." इंजिन त्यानं गडहिंग्लजच्या भंगारातून गिअरबॉक्ससकट उचललं. नंबर घासलेला, कागद नाहीत. ते कुठल्या गाडीचं यावर आम्ही सहा महिने भांडलो. मी पुस्तकं उघडून बसायचो, तो डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचा. शेवटी तोच खरा ठरला. इंजिन जुन्या डिझेल टेम्पोचं आणि गिअरबॉक्स भलत्याच जीपचा. कुणीतरी जमवून दिलेला संसार होता तो.

बग्गी माळावर न्यायची ठरली आणि त्याला कावीळ झाली. कावीळ म्हणता म्हणता कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी फार दिवस सांगितले नाहीत. त्यानं एकच मागितलं, माळावर एक फेरी, स्वतः चालवत. नेमका तेव्हाच क्लच गेला. इंजिन बोंबलायचं, बग्गी जागची हलायची नाही. प्लेट मधोमध तडकली होती आणि असल्या जोडकामाला बसणारी प्लेट गावात मिळेना. पुण्याचा एक जुन्या मालाचा दुकानदार म्हणाला, रुंदी आणि शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भोकाचे दाते मोजून सांगा, पाठवतो.

मी मोजायला निघालो तेव्हा सुकुमारनं खाटेवरून माझं मनगट धरलं. "खडू लाव आदी, मग मोज. गडबड करू नगंस." ही त्याची जुनी सवय. गोल वस्तू मोजताना पहिल्या दात्याला खडू लावायचा, म्हणजे फिरून तिथं आलं की थांबायचं कळतं. खिशात पेनाऐवजी कायम खडूचा तुकडा. पण मी मास्तर ना! बोटानं मोजलं, एकवीस सांगून मोकळा झालो. पहिला दाता दोनदा मोजला होता.

चौथ्या दिवशी प्लेट आली तेव्हा तो अजून खुर्चीत बसू शकत होता. डॉक्टरही फेरीला हो म्हणाले होते. पण प्लेट शाफ्टवर बसेना. मग खडू लावून मोजले, तर वीस. नवी मागवली आणि त्याच्याकडे गेलो, दुकानदारानं चुकीची पाठवली म्हणून सांगितलं. त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"खडू लावलतास न्हवं?"

"व्हय, लावलता."

त्यानं खिशातला खडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. त्यानंतर त्यानं बग्गीचं नाव काढलं नाही. दुसरी प्लेट यायला आणखी पाच दिवस लागले.

तो जाणारच होता, असं सगळे मला समजावतात. जाणारच होता. पण फेरी मारून गेला असता, आणि माझी थाप सोबत घेऊन गेला नसता.

बग्गी आता चालू आहे. भाऊजी, माळावर न्या की एकदा, असं वहिनी म्हणतात. माझ्यानं सीटवर बसवत नाही. मी शेडमध्ये जातो, तडकलेली प्लेट मांडीवर घेतो, त्याच्या खडूनं पहिल्या दात्यावर खूण करतो आणि सावकाश मोजतो. रोज वीसच भरतात.