पाहुणे जेवल्याशिवाय

नाशिकच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली आणि तिच्याकडेच बघत सांगितलं, "अल्झायमर आहे." मग माझ्या बायकोकडे, कमलकडे वळून विचारलं, "आजी, आज तारीख काय?"

"तुमच्या मागं क्यालेंडर हाय की," कमल म्हणाली.

डॉक्टर हसले. मीही हसलो. निदान ऐकताना माणूस हसू शकतो, हे मी कुठे वाचलं नव्हतं.

अल्झायमर म्हणजे मेंदूतल्या पेशी हळूहळू निकामी होत जाणं. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, त्यातला हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. गोळ्यांनी वेग थोडा कमी होतो, गेलेलं परत येत नाही. डॉक्टरांच्या मागची भिंत सन्मानचिन्हांनी भरली होती, पण बोलले साधं. माझी नोकरी संगमनेरच्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत झाली. दुधात पाणी किती हे मोजायचं आणि संध्याकाळी सत्कार समारंभात बसून भाषणं ऐकायची. त्या भाषणांतलं पाणी मोजण्याचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. त्यामुळे कमी बोलणारा डॉक्टर मला लगेच आवडतो.

खरं तर आम्ही तिथे पोहोचलो ते पोटाच्या वाटेनं. कमल जेवत नव्हती. ब्लाउज सैल झाले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. जेवायला बस म्हटलं की "तुम्ही घ्या, मी नंतर बसते" म्हणायची. हे वाक्य लग्नापासून ऐकत आलेलो, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे हे कानाला कळलं नाही. मग एकदा डब्यात दोन-तीन दिवसांच्या वाळलेल्या भाकरी सापडल्या.

संगमनेरला सोनोग्राफी झाली. एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर आतून बघतात ती. बाहेरच्या बाकावर बसून मी कॅन्सर हा शब्द मनातल्या मनात किती तऱ्हांनी उच्चारला, ते सांगत नाही. रिपोर्ट स्वच्छ आला. पोटाच्या डॉक्टरांनी सहज तिला मुलाचं नाव विचारलं. तिनं तिच्या धाकट्या भावाचं सांगितलं. तेव्हा त्यांनी नाशिकची चिठ्ठी दिली.

नाशिकचे डॉक्टर म्हणाले, "या आजारात भूकही जाते. वजन असंच उतरत राहिलं तर रायल्स ट्यूब घालावी लागेल." रायल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटात जाणारी बारीक नळी. पेशंट ती उपसून काढतात. मग हात बांधावे लागतात. हे मी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. विचारायला नको होतं.

परतीच्या गाडीत मी कमलच्या हातांकडे बघत होतो.

इथे टीव्हीबद्दल सांगायला हवं. आमच्या घरी पहिला टीव्ही आला तो खोक्याएवढा, काळापांढरा. रविवारी सिनेमा बघायला सगळी कॉलनी आमच्याकडे जमायची. नायिका रडायला लागली की बायका पदर डोळ्याला लावायच्या आणि कमल तेवढ्यात आत जाऊन चहाचं आधण ठेवायची. शेवट तिनं एकाही सिनेमाचा धड पाहिला नसेल. तिचं माहेर पाथर्डीकडचं, कोरडवाहू शेतीचं. पण पाहुणा उपाशी उठला असं त्या घरात कधी झालं नाही, आणि पाहुण्याच्या आधी घरची बाई जेवली असंही नाही.

मी निवृत्त झाल्यावर मुलानं, अजितनं, पुण्याहून मोठा टीव्ही आणून भिंतीवर लावला. त्यात माणसं जवळजवळ आपल्याएवढी दिसतात. निवृत्त माणसाला दुसरा उद्योग काय? सकाळच्या बातम्या, दुपारच्या बातम्या, आणि संध्याकाळी त्याच बातम्यांवर भांडणारी सात-आठ माणसं. जेवतानाही तो चालूच.

नाशिकहून आल्यावर मी सगळं करून पाहिलं. पातळ पिठलं, मऊ भात, शेंगदाण्याची चटणी वेगळी कुटून. घास पुढे केला की ती तोंड फिरवायची, आणि फिरवलेलं तोंड हॉलकडे असायचं. अजित फोनवर रोज एकच विचारायचा, "अप्पा, आज काही खाल्लं का?" मी थोडं खाल्लं म्हणायचो. तेही खरं नसायचं.

मग एका शनिवारी दुपारी दुरुस्तीसाठी लाइट गेली. टीव्ही बंद पडला. कमल स्वयंपाकघराच्या दारातून हॉलमध्ये डोकावली.

"गेले बाई एकदाचे," ती म्हणाली. तिथेच खाली बसली, ताट ओढून घेतलं आणि दोन भाकरी खाल्ल्या. भाजी परत वाढून घेतली.

बोललो तर थांबेल अशी भीती वाटली. तिनं हात धुतल्यावर विचारलं, कोण गेले?

"ते आठ जन. कवाधरनं भांडत्यात. उपाशी असत्याल म्हनून भांडत्यात. पन पीठ पुरतंय का आठ जनांला? आन् ते बसल्यालं असताना म्या कसं जेवू?"

आजार वाढला तशी तिच्या तोंडी माहेरची बोली परत आली होती. पूर्वी ती माझ्यापेक्षा शुद्ध बोलायची.

म्हणजे भूक होती. इतके महिने ती भुकेली उभी होती, आणि मी समोर बसून देशाची चर्चा ऐकत जेवत होतो.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असं होतं. पडद्यावरची माणसं खरीच घरात आहेत असं या पेशंटना वाटू शकतं. मग म्हणाले, "भूक शाबूत आहे, नळी सध्या नको. पण आजार पुढे सरकणार आहे, एवढं लक्षात ठेवा."

अजित येऊन टीव्ही घेऊन गेला. भिंतीवर चार भोकं राहिली. कमल जेवू लागली, बांगड्या पुन्हा मनगटावर आल्या. घरात बोलायला कोणी उरलं नाही, हे मात्र टीव्ही गेल्यावर कळलं. मी पुस्तकं मोठ्यानं वाचू लागलो. ती ऐकायची की नाही, ठाऊक नाही.

तुमच्या घरी असं कोणी असेल तर माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. जेवत नाही म्हटल्यावर पोट जरूर तपासा, पण ते माणूस कशाची वाट बघतंय तेही बघा. आणि एकदा उत्तर सापडलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

कारण दिवाळीनंतर तिनं पुन्हा जेवण टाकलं. टीव्ही नाही, रेडिओ नाही, घरात आम्ही दोघंच. ती माझं ताट वाढून भिंतीला टेकून उभी. बस म्हटलं तर मान हलवायची.

"कोण आलंय का?" मी विचारलं.

"तुमीच की," ती म्हणाली. "तुमी जेवा, भाऊ. लाजू नका. मालक आले न्हाईत अजून, पन येत्याल."

मला तिनं आयुष्यात कधी नावानं हाक मारली नाही, पण भाऊही म्हटलं नव्हतं. मी जेवलो. ती आग्रह करत होती, भाकरीवर तूप वाढत होती. इतक्या निगुतीनं तिनं मला नवरा म्हणून कधी वाढलं होतं का, ते आठवत बसलो.

आता रोज असंच चालतं. मी आधी जेवतो, लवकर. हात धुतो, जेवण चांगलं झालं म्हणतो, चपला घालून बाहेर पायरीवर जाऊन बसतो. मग ती जेवते. गेल्या तपासणीत तिचं वजन होतं तेवढंच भरलं. डॉक्टर खूश झाले. मीही आहे.

परवा मी चपला घालत होतो, तेव्हा तिनं विचारलं, "घरी कोन कोन हाय तुमच्या?"

"बायको आहे," मी म्हणालो.

"मंग तिला एकटीला का ठिवून येता? पुढल्या येळंला घिऊन या. दोन भाकरी जास्ती टाकीन."

आणतो म्हणालो आणि दार ओढून घेतलं. आत ताट ओढल्याचा आवाज आला. तिचं होईपर्यंत मी पायरीवर बसून राहिलो.